शेऱ्याच्या रकान्यातली कारवी

मित्रांनो, तुम्ही मला कधी उघडून पाहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या दोनशे बारा पोरांची नावं माझ्या पोटात लिहिली गेली. मी एक जुनं रजिस्टर आहे. हजेरीचं नव्हे. ते दरवर्षी नवं येतं आणि वर्ष संपलं की रद्दीत जातं. मी दाखल-खारीज रजिस्टर. पोरगं शाळेत पहिलं पाऊल टाकतं तेव्हा त्याचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख माझ्यात चढते. शाळा सोडतं तेव्हा का सोडली तेही माझ्यातच लिहितात. शिक्षक मला जनरल रजिस्टर म्हणतात. माझ्या पुठ्ठ्यावर लाल शाईत दोन शब्द आहेत : कायम जतन. ते कुणी किती पाळले ते पुढं सांगतो.

सांगण्याची मला घाई आहे. माझ्या पाठीच्या शिवणीत वाळवी शिरली आहे. किती आत आली ते मला कळतं, तुम्हाला दिसत नाही. म्हणून उगाच गोड गोड सुरुवात करत बसत नाही.

माझी बांधणी एका तुरुंगाच्या छापखान्यात झाली. ज्या माणसानं मला शिवलं तो स्वतः गजाआड होता, पण त्याची शिवण इतकी घट्ट की छत्तीस वर्षं झाली तरी एक पान निसटलेलं नाही. जे गेलं ते किड्यांनी नेलं. तिथून मी जिल्हा परिषदेच्या भांडारात आलो आणि एकोणनव्वद साली मावळातल्या उंबरमाळ नावाच्या ठाकरवाडीत पोचलो. वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीत बत्तीस घरं. भिंती म्हणजे कारवीच्या झुडपाच्या काठ्यांचे कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप. शाळा एका खोलीची, मास्तर एकच. चिंतामणी गुरुजी.

गुरुजी दर मे महिन्यात घरोघर फिरून पोरं हुडकायचे. मी त्यांच्या काखेत असायचो. अठ्ठ्याण्णव साली आम्ही सावित्राबाई आगिवलेंच्या दारात गेलो. नवसानं झालेलं एकुलतं पोरगं, नाव नवशा, आईच्या पाठीमागं लपलं होतं. गुरुजींनी विचारलं, "याचा जन्म कधीचा?"

सावित्राबाई म्हणाल्या, "कारवी फुलली हुती त्या सालचा. नाचणी कापाया आलती."

मित्रांनो, कारवी आमच्या डोंगरावर दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा डोंगर जांभळा होतो आणि मग ती मरते. वाडीतल्या बायका पोरांची वयं त्याच हिशोबानं सांगायच्या. गुरुजींना ते समजलं, कारण ते तिथंच राहिले होते. त्यांनी बोटं मोजली. म्हणजे ब्याण्णव सालचा आश्विन. पण शाळेत नाव घालायचं तर जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण हवीत. आश्विनातलं पोर चार महिन्यांनी कमी पडत होतं. वर्ष थांबलं तर आई त्याला वीटभट्टीवर घेऊन जाणार आणि मग ते कायमचं गेलं. गुरुजींनी पेन उचललं आणि जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं : १ जून १९९२. अंकी आणि अक्षरी.

वाडीतल्या प्रत्येक पोराला गुरुजींनी हीच तारीख दिली. एक जून. फक्त साल बदलायचं. असं करणारे गुरुजी एकटे नव्हते. तुमच्या आजोबांना त्यांची कागदावरची जन्मतारीख विचारून बघा. निम्मे आजोबा एक जूनला जन्मले असतील.

गुरुजींना मात्र ते खोटं बोचायचं. म्हणून उजव्या कडेच्या अरुंद रकान्यात, जिथं वर 'शेरा' छापलंय तिथं, त्यांनी बारीक अक्षरात आईचे शब्द लिहिले. नवशाच्या ओळीत लिहिलं : 'आई सांगते, कारवी फुलली त्या साली, नाचणी कापणीला आलेली असताना.' पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी अभिलेख उत्तम म्हणून सही केली, पण शेऱ्याच्या रकान्यावर बोट आपटून म्हणाले, "मास्तर, ही जागा सरकारी नोंदीची आहे. गोष्टी लिहायची नाही." गुरुजी मान खाली घालून हो म्हणाले आणि पुढच्या पोराच्या ओळीत पुन्हा तेच केलं.

मावळातला ओलावा कागदाला सुखानं जगू देत नाही. गुरुजी एकदा सावित्राबाईंपुढं सहज म्हणाले की रजिस्टराला बुरशी येतेय, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं जुनं लुगडं फाडून आणून दिलं. हिरवं, लाल काठाचं. गुरुजींनी त्यात कडुलिंबाचा पाला घालून मला बांधलं. ते माझे सुखाचे दिवस. नवशा चौथीपर्यंत शिकला. प्रगती साधारण, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचं कारण पालकांचे स्थलांतर. त्यानं दाखला कधी नेला नाही. भट्टीवर कोण दाखला मागतो?

दोन हजार नऊ साली माझी पानं भरली. गुरुजी निवृत्त होऊन तळेगावला गेले. त्यांच्यामागून आलेल्या मास्तरांनी मला वरच्या फळीवर टाकलं. मग तीन वर्षांपूर्वी पट कमी म्हणून उंबरमाळची शाळाच बंद झाली. सगळं सामान टेम्पोत भरून खालच्या केंद्रशाळेत आलं आणि मी खिचडीच्या खोलीत गेलो. तिथं शेगडीचं टेबल डुगडुगत होतं. कुणीतरी इकडंतिकडं बघितलं, मला उचललं आणि टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

दोनशे बारा माणसांचा पुरावा, आणि त्याच्यावर भाताचं पातेलं. मी हे कुणाचं नाव घेऊन सांगत नाही. ज्यानं सरकवलं त्याला बरोबर कळेल.

वाळवी तिथंच लागली. खालून ओल, भिंतीतून वारूळ. पहिल्या पानापासून तिनं सुरुवात केली. रोज मी मोजत होतो. आज आठवं पान गेलं, म्हणजे बबी मेंगाळ गेली. आज चौदावं. नवशा तेविसाव्या पानावर होता.

आता खरी गोष्ट.

या दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असताना एका सकाळी खोलीचं कुलूप उघडलं. अनघाबाई आत आल्या. केंद्रशाळेच्या शिक्षिका, तळेगावहून येतात. त्यांच्या मागं सावित्राबाई, आता पार वाकलेल्या, आणि नवशाची बायको सुषमा. तिघींच्या बोलण्यातून मला कळलं ते असं.

नवशा लोणावळ्याजवळ एका बंगल्याच्या बांधकामावर कामाला होता. तिथले गवंडी बंगालीत बोलणारे. त्यांच्याच पत्र्याच्या शेडमध्ये तो राहायचा, कारण रोज वाडीवर येणं परवडत नव्हतं. काल तिथं तपासणी आली. सीमेपलीकडून चोरून आलेली माणसं हुडकायची मोहीम आहे, त्यातली तपासणी. गाडीतून खाकी कपडे उतरले आणि नवशा पळाला.

"पळाला का पण?" अनघाबाई एकेक गठ्ठा झटकत म्हणाल्या. "उभा राहिला असता तर काही झालं नसतं."

"बाई, खाकी बघितली की आमी पळतोच," सुषमा म्हणाली. "जंगलात फाट्याला जावा, कारवीच्या काठ्या आणाया जावा, वनवाला दिसला की पळायचं. ल्हानपणापास्नं त्येच शिकलोय. त्येला वाटलं वनवालाच आला."

"भर बांधकामावर वनवाला कशाला येईल?"

"त्यो विचार कराया येळ कुटं हुता? पाय आदी पळाले."

पळणारा धरला जातो. नवशासकट चौघे धरले. त्यातले दोघे खरोखरच पलीकडचे निघाले. त्यांनी कबूल केलं, आणि त्यांच्या खिशातली आधार कार्डं कुठल्याशा दुकानात बनवलेली निघाली. त्यामुळं चौकीतल्या फौजदार साहेबांचा कार्डावरचा विश्वासच उडाला. नवशाच्या कार्डावर तारीख होती १ जानेवारी, कारण कार्डाच्या शिबिरात ज्याला तारीख माहीत नाही त्याला तीच देऊन टाकली होती. साहेबांनी जन्म कधीचा विचारला तर नवशा म्हणाला, आईला ठाऊक. साहेब म्हणाले, शाळेचं मूळ रजिस्टर आणा. झेरॉक्स नको, दाखला नको, मूळ. उद्या, म्हणजे आज, दुपारी चारपर्यंत. त्यानंतर सगळ्यांना पुण्याला पाठवायचं आहे आणि पुढचं त्यांच्या हातात नाही.

"म्हंजे कुटं पाठीवत्यात?" सावित्राबाईंनी विचारलं.

अनघाबाईंनी पुढचा गठ्ठा ओढला.

"वाडीवर म्हणत्यात, इमानात बसवत्यात आन् हद्दीवर नेऊन सोडत्यात. खरं हाय का?"

"मावशी, आपण आधी रजिस्टर शोधू."

त्यांनी मोडक्या बाकांमागं शोधलं. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली शोधलं. एकसष्ट ते अठ्ठ्याऐंशीचं रजिस्टर सापडलं. दोन हजार दहाच्या पुढचं सापडलं. मधला मी नाही. अनघाबाईंचा पदर दोनदा माझ्या अंगावरून घासत गेला. मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर त्या दिवशी पहिल्यांदा ओरडलो असतो. अनघाबाई शेवटी घाम पुसत म्हणाल्या, "नसेल हो. टेम्पोतून येताना कुठं पडलं असेल."

सावित्राबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून त्या गठ्ठ्यांकडं बघतच नव्हत्या. जमिनीकडं बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "ते माजं लुगडं हितं काय करतंय?"

टेबलाच्या पायाखालून लाल काठाची एक चिंधी बाहेर आली होती.

मला बाहेर काढलं तेव्हा पहिली वीस पानं जाळी होऊन जमिनीवर सांडली. बाईंनी श्वास धरून पुढचं उलटलं. एकविसावं निम्मं. बाविसावं कडेनं कुरतडलेलं. तेविसावं आणि चोविसावं ओलीनं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी पट्टी घेतली आणि जरा जरा करत सोडवलं. मी अंग आकसून बसलो होतो. पान सुटलं. अनुक्रमांक एकशे सदतीस, आगिवले नवशा. नाव शाबूत, जन्मतारीख शाबूत.

"एक जून," बाई वाचून म्हणाल्या आणि तोंड पुन्हा पडलं. "मावशी, ऐका. साहेब तुम्हाला विचारतील पोराचा जन्म कधीचा. तर एक जून सांगायचं. म्हणा बघू."

"पर त्यो नाचणीच्या कापनीला झाला."

"असू दे. कागदावर एक जून आहे. तुम्ही दुसरं सांगितलं तर ते म्हणतील आई खोटी."

"मी खोटी कशी? मीच जल्म दिला."

सुषमा म्हणाली, "आत्या, बाई सांगत्यात तसं म्हना की. पोरगी घरी वाट बघतीय बापाची."

"बरं बाय. एक जून," सावित्राबाई म्हणाल्या. मला लुगड्यात बांधून त्यांनी डोक्यावर घेतलं. बाई पिशवी पुढं करत होत्या, पण त्यांनी दिलं नाही.

अनघाबाईंनी शेऱ्याचा रकाना वाचलाच नव्हता. तो कुणीच वाचत नाही.

हौशीरामची वडाप जीप भरल्याशिवाय निघत नाही. त्या दिवशी ती भरेना. साडेबारा झाले, एक झाला. बाईंनी विनवलं तेव्हा तो म्हणाला, "बसा मॅडम, निघतो. पोरगं धरलंय म्हणल्यावर काय." आणि अर्ध्या गाडीवर निघाला. माणूस वाईट नव्हता. पण तोंड थांबेना.

"बरंच हाय म्हणा हे एका अर्थी," तो म्हणाला. "लोणावळ्यात बघा तुमी. गवंडी भायेरचा, वेटर भायेरचा, फरशीवाला भायेरचा. आपली पोरं कुटं जायाची? धरत्यात ते बरंच करत्यात."

"माजं पोरगं धरलंय, भाऊ," सावित्राबाई मागून म्हणाल्या.

"ते चुकून, मावशी."

"चुकून धरल्यालं लौकर सुटतं का?"

हौशीरामनं गिअर बदलला. मग म्हणाला, "मॅडम, तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा. दार उगडं टाकून घर राहतं का?"

अनघाबाई म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ रुचिर सीमेवरच नोकरीला आहे. नदीच्या काठावर उभा असतो, गुडघाभर चिखलात. दिवाळीला आला नाही. सीमा राखू नये असं मी कसं म्हणेन? पण त्यानं मला एकदा सांगितलं होतं, ताई, समोरून येणारा कोण ते अंधारातसुद्धा कळतं, कारण तो येत असतो. इथं तुम्ही घरात बसलेल्या माणसाला विचारताय, तू कधी आलास. त्यानं काय सांगायचं?"

"ज्याच्याजवळ कागूद हाय त्यो दाखवील की."

"कागद टेबलाखाली होता, हौशीरामभाऊ. आम्हीच ठेवला होता."



कामशेत गेलं, कार्ला गेलं आणि लोणावळ्याच्या अलीकडं गाड्या थांबल्या. दिवाळीची सुट्टी. मुंबई-पुण्याच्या मोटारी, चिक्कीच्या दुकानांसमोर दोन-दोन रांगा, पोरं खिडकीतून फुगे काढून बसलेली. पुढं जागा नाही, मागं जागा नाही. तीन वाजले. सावित्राबाईंनी मला मांडीवर घेतलं होतं आणि त्यांचे हात माझ्यावर असे दाबले होते की मला माझ्याच शिवणीतली वाळवी चिरडल्यासारखी वाटली. सव्वातीनला सुषमा म्हणाली, "आत्या, उतरा. चालत जाऊ." तिघी उतरल्या आणि गाड्यांच्या मधून चालायला लागल्या. मी डोक्यावर. एका मोटारीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "मावशी, काय विकताय?"

सावित्राबाई थांबल्या नाहीत.

चौकीत पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. बाकावर नवशा बसला होता. चौथीनंतर मी त्याला पहिल्यांदा पाहत होतो. तेहतीस वर्षांचा बाप्या, पण आईला बघून तोंड तेच, तिच्या पाठीमागं लपणारं. शेजारी एक उंच, सडपातळ गवंडी होता. मोफिजुल. कबुली दिलेल्या दोघांना आधीच वेगळं नेलं होतं. त्या दोघांबद्दल नवशा नंतर वाटेत बायकोला म्हणाला की कामाला वाघ होते आणि रात्री रडायचे. ते खोटं बोलून आले हे खरं. पोटासाठी आले हेही खरं. माझ्यातल्या एका रकान्यात एकच गोष्ट मावते, म्हणून त्यांच्याबद्दल मी काही निवाडा देत नाही.

फौजदार साहेब तरुण होते, दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातून नुकतेच बदलून आलेले. डोळे जागरणानं लाल. त्यांनी मला टेबलावर घेतलं, पान उलटलं, मागचं उलटलं, पुढचं उलटलं. बोट माझ्या रकान्यावरून खाली उतरत गेलं आणि थांबलं.

"मॅडम, हे काय आहे? एक जून. एक जून. एक जून. एका पानावर सहा पोरं, सहाही एक जूनला. त्या वाडीत एक जूनला बाळंतपणाची जत्रा भरायची का?"

"सर, ती त्या वेळची पद्धत होती. नक्की तारीख नसली की..."

"कालच मी दोन बनावट कार्डं पकडली. त्यांच्यावरच्या तारखा याच्यापेक्षा खऱ्या वाटत होत्या." ते चिडले नव्हते, थकले होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "एका माणसाचे दोन वाढदिवस माझ्यासमोर आहेत. मी वर काय लिहून पाठवू?"

दाराजवळ उभे असलेले हवालदार सीताराम खाकरले. पिकलेल्या मिशांचे, मावळातलेच.

"साहेब, एक सांगू का?"

"बोला."

"माझीबी एक जूनच आहे."

साहेबांनी वर पाहिलं.

"येत्या मे अखेर रिटायर होतोय. आमच्या बॅचचे सहा जण त्याच दिवशी होणार. आमची आय सांगायची मी पोळ्याला झालो."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. पण त्यांनी मान हलवली. "ठीक आहे, पद्धत होती. म्हणजे ही तारीख खोटी, एवढंच सिद्ध झालं. हा नवशा तोच नवशा, हे कशावरून? नाव कुणीही सांगेल. आजी, इकडं या. हा तुमचा मुलगा?"

"व्हय."

"जन्म कधीचा?"

अनघाबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. सुषमानं सासूचा पदर ओढला. सावित्राबाईंनी एकदा पोराकडं पाहिलं आणि एकदा माझ्याकडं. मला वाटलं म्हणतील एक जून. म्हणावं असंही वाटलं आणि म्हणू नये असंही वाटलं.

त्या म्हणाल्या, "साहेब, बाईंनी मला एक सांगितलंय म्हनाया. पर खोटं बोलून पोर आपलं म्हणू का मी? त्यो कारवी फुलली त्या साली झाला. नाचणी कापाया आलती. माज्या हातात इळा हुता."

अनघाबाईंनी डोळे मिटले. नवशानं मान खाली घातली. माझ्या पोटात अंकी आणि अक्षरी, दोन्हीकडं एक जून होतं आणि समोर आई दुसरंच सांगत होती. पोराच्या भल्यासाठी लिहिलेलं ते खोटं आता त्याच्याच आईला खोटी पाडत होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. कागद पुढं ओढला.

आणि सीताराम हवालदारांनी माझ्यावर वाकून चष्मा लावला. "साहेब, हितं कडेला बारीक अक्षरात काय लिवलंय?"

"काय?"

"शेऱ्यात." ते एकेक शब्द लावत वाचायला लागले. "आई सांगते... कारवी फुलली त्या साली... नाचणी कापणीला... आलेली असताना."



साहेबांनी मला जवळ ओढलं. नखानं शाई घासून पाहिली. जुनी शाई, कागदात मुरलेली. मग वरची ओळ वाचली, खालची वाचली. प्रत्येक ओळीत एक आई होती. कुणी म्हणत होती धाकट्या दिराच्या लग्नाआधी आठ दिवस, कुणी म्हणत होती धरणाचं काम सुरू झालं तेव्हा. साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

"हे कुणी वाचून दाखवलं तुम्हाला?"

"काय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी दारात बोललेलं वाक्य गुरुजींनी लिहून ठेवलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी माझ्या पानावर हात ठेवला, पण भलत्याच ओळीवर. सीतारामनी हात उचलून बरोबर जागी ठेवला.

साहेबांनी पानाचा फोटो काढला, अनघाबाईंची सही घेतली आणि म्हणाले, "जा रे. आणि पुन्हा पळू नकोस."

नवशा म्हणाला, "साहेब, पाय ऐकत न्हाईत."

सीताराम हसले. साहेबही थोडे हसले. मलाही सुटल्यासारखं झालं असतं, पण नवशा बाकावरून उठला आणि मोफिजुल बसूनच राहिला.

नवशा दारात थांबला. "साहेब, ह्यो दोन साल माज्याजोडीला हाय. आपल्याच देशातला हाय म्हणतो. मालदा जिल्हा."

"तू बघितलंयस का त्याचं गाव?"

"न्हाई."

"मग? त्यानं त्याच्या शाळेचं रजिस्टर आणावं. तुझ्या आईनं आणलं तसं."

मोफिजुल हिंदीत म्हणाला, "साब, स्कूल को गंगा ले गई." आणि जमिनीकडं बघत राहिला. तिकडं म्हणे नदी काठ खाते. आधी शेत गेलं, मग घरं, मग शाळा. साहेबांनी कपाळ चोळलं. फोन उचलून तिकडच्या कुठल्याशा कार्यालयाचा नंबर फिरवायला सांगितला. बराच वेळ रिंग वाजत होती. आम्ही निघालो तेव्हाही वाजतच होती.

बाहेर नवशानं मला डोक्यावर घ्यायला हात पुढं केला. सावित्राबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुजंच मोप वजं झालंय, ह्ये हलकं हाय." कोपऱ्यावर हौशीराम जीप घेऊन उभा होता. रांगेतून कसाबसा पोचला होता. त्यानं नवशाला पुढं आपल्याशेजारी बसवलं.

आता मी पोलादी कपाटात आहे. अनघाबाईंनी औषध मारलं, पण वाळवी शिवणीत उरली आहे, मला तिचं चालणं ऐकू येतं. नवशाची पोरगी अनुष्का याच शाळेत आहे. तिच्या नव्या रजिस्टरात खरी तारीख आहे, दवाखान्याच्या कागदासकट. तिचा शेऱ्याचा रकाना कोरा आहे. पहिल्या वीस पानांवरची पोरं मात्र गेली. बबी मेंगाळला उद्या कुणी विचारलं तू कुठली, तर मी काहीच सांगू शकणार नाही.

आणि मोफिजुलचं काय झालं, तो फोन शेवटी कुणी उचलला का, ते मला कळलेलं नाही. कपाटात कुणी सांगायला येत नाही. पण मी सारखा त्या तिकडच्या रजिस्टराचा विचार करतो. त्यातही एक ओळ असेल. कुणा मास्तरानं कडेला आईचे शब्द लिहिलेही असतील. ते गाळात रुतलंय, की वाहून कुणाच्या काठाला लागलंय, की अजून कुठल्या छपराखाली तग धरून आहे?

मित्रांनो, घराचं दार राखणारे राखोत, त्यांना मी नको म्हणत नाही. पण दाराच्या आत जन्मलेल्या माणसाला तू आतला कशावरून असं विचारायचं असेल, तर आधी त्याचा कागद टेबलाच्या पायाखालून काढा. उद्या शाळेत गेलात की बाईंना एवढंच विचारा, आपलं जुनं रजिस्टर कुठं आहे. त्या म्हणतील, असेल कुठंतरी. तेवढ्यावर परत येऊ नका. जाऊन बघा, हात लावून बघा, कोरडं आहे का ते बघा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि चौकीतलं घड्याळ चारच्या पुढं थांबत नाही.